‘एस्टॅब्लिश’चं कार्ड

सोमवार, ४ जून
दिला! ‘एस्टॅब्लिश’ तिला दिला! अकरा वर्षं या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांची कार्डं लिहितेय. या एका शब्दासाठी घरी वहीभर टिपणं काढून ठेवलीत. आणि मोठ्या सरांनी तो चार महिन्यांपूर्वी आलेल्या नवीच्या टेबलावर ठेवला. वर मला म्हणतात, “तुम्ही तपासा.” म्हणजे स्वयंपाक तिचा, मीठ तेवढं मी चाखायचं!

गुरुवार, ७ जून
नवी विचारायला आली. “ताई, ‘स्थापन करणे’ एवढंच पुरेल का हो?”

“तुझं तू बघ,” म्हटलं.

बघितलंन् मेलीनं! तिचं कच्चं कार्ड गुपचूप वाचलं. संस्था स्थापन करणे, एखादी गोष्ट सिद्ध करणे — आणि मध्ये, बस्तान बसवणे. बस्तान बसवणे! माझ्या वहीत हे नाही. का नाही?

शुक्रवार, ८ जून
आज तर कहर. नवी उड्या मारतच सरांकडे गेली. लॅटिनमध्ये या शब्दाच्या मुळाशी उभं राहणं आहे, घट्ट उभं करणं. आपल्या ‘स्थापन’मधल्या ‘स्था’चा अर्थही तोच. “सर, दोघं एकाच घरातले निघाले की!” सरांनी चष्मा काढला आणि मनापासून हसले. माझ्या कुठल्याही कार्डासाठी त्यांनी चष्मा काढलेला मला आठवत नाही.

जळले. नुसती जळले. नवरा म्हणतो, “शब्दावरून कुणी जळतं का गं?” त्याला नाही कळायचं.

मंगळवार, १२ जून
कार्ड तपासायला आलं. आमची रीत अशी — चूक दिसली की हिरव्या शाईची खूण करून परत. नसली तर खाली निळी सही. सही झाली की कार्ड बंद, सरांकडे जमा. मग सरसुद्धा उघडून बघत नाहीत.

आणि चूक दिसली! शब्द लॅटिनमधून थेट इंग्रजीत आला, असं लिहिलंय बाईसाहेबांनी. मधली जुनी फ्रेंच गायब. इंग्रजीत तो आला तो फ्रेंचांकडून, शेवटचं ‘इश’ तिथलंच. माझ्या वहीत पहिल्याच पानावर आहे.

हिरव्या पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. निळ्या पेनानं सही केली. येऊ दे छापून. कळू दे सगळ्यांना.

बुधवार, १३ जून
नवीनं माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला. “ताई, तुमची सही झाली, आता मी निर्धास्त.” चहा तसाच गार झाला. उद्या कार्ड परत मागून घेते.

गुरुवार, १४ जून
सर दिवसभर कोशाच्या समितीच्या बैठकीला. उद्या नक्की.

शुक्रवार, १५ जून
सर महिनाअखेर निवृत्त होतायत. मुख्य संपादक मी! “लिहायला ती आहे,” म्हणाले, “पण तपासावं तुम्हीच. म्हणून तर तो शब्द मुद्दाम तुमच्याकडे तपासायला दिला. समितीला तुमच्या तपासणीचा नमुना हवा होता. काल तेच कार्ड देऊन आलो.”

“तुम्ही वाचलंत, सर?”

“कशाला? तुमची सही होती ना.”