जुळलेलं उत्तर

प्रिय उपेंद्र,

तुझं विमान शनिवारी डब्लिनला उतरतंय आणि इथे माझ्या येरझाऱ्या थांबत नाहीत. सोमवारच्या परिषदेला सहा देशांतून माणसं येताहेत. एकाचा व्हिसा अडकलाय, जपानहून येणाऱ्या बाईंना दूध चालत नाही, आणि सभागृहातला फळा कितीही पुसला तरी पांढराच राहतो. शिरीष, नवराच तो, म्हणतो की मी घरात लेकीचं लग्न काढल्यासारखी वागतेय. आयरिश सहकाऱ्यांनी विचारलं की मी त्यांच्यासारखंच 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे सगळं झकास, म्हणत सुटते.

तू आनंदात असशील. पहिलं व्याख्यान तुझं, तेही आपल्या दोघांच्या आकडेमोडीवर. तुझ्या विद्यार्थिनीचा, सुरुचीचा, अख्खा पीएच.डी.चा प्रबंध त्याच उत्तरावर उभा आहे, हे तू मागच्या फोनवर तीनदा सांगितलंस. मी नुसतं हं हं करत राहिले.

एम.एस्सी.ला कॅन्टीनमध्ये एकमेकांकडे पाठ करून आपण एकच गणित सोडवायचो. दोघांचं झाल्याशिवाय वह्या उघडायच्या नाहीत, हा तुझा नियम. तू पुण्यात राहिलास, मी इथे आले, तरी नियम तोच राहिला. इथे मी तो मोठ्या तोऱ्यात सांगते. दूर देशांतल्या माणसांनी एकत्र काम कसं करावं, याचा नमुना म्हणून परिषदेच्या पत्रकातही घातलाय. तो मजकूर लिहिताना मला स्वतःची लाज वाटली.

मार्चमध्ये शिरीषचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ब्युमॉन्टला हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून मी आकडेमोड करत होते. तू विचारलंस तेव्हा 'झालंच' असं ठोकून दिलं, म्हणून तू विश्वासाने तुझी फाइल पाठवलीस. मी ती उघडली. माझं उत्तर वेगळं येत होतं. दमले होते रे, आणि तू सहसा चुकत नाहीस. मग माझीच चूक असणार असं धरून मी पानं चाळली आणि एक चूक शोधून काढली. ती खरंच चूक होती का, हे तपासलं नाही. तुला कळवलं, 'जुळलं'. तू विभागात पेढे वाटलेस.

उपेंद्र, ते उत्तर दोघांनी काढलेलं नाही. तू एकट्याने काढलंयस, आणि माझ्या शब्दावर ते सगळ्यांसमोर मांडायला निघालायस. गेल्या आठवड्यात मी कोऱ्या कागदावर पुन्हा सगळं केलं. तुझ्याशी जुळत नाही. कदाचित मीच चुकत असेन, देव करो आणि तसंच असो. फरक किती आणि कुठे, ते मी सांगणार नाही, माझी फाइलही पाठवणार नाही. तू आधी तुझं नव्याने कर. तोवर तुझं व्याख्यान मी कार्यक्रमातून काढलंय. तुला न विचारता काढलं, कारण विचारलं असतं तर तू मला समजावलं असतंस आणि मी पुन्हा ऐकलं असतं. सुरुचीला काय सांगायचं ते तू ठरव, पण नियम मी मोडला, हे लपवू नकोस.

तुझीच, तू अजून म्हणत असलास तर,
ज्ञानदा