दोन खुर्च्या आणि बाहेरचा बाक

प्रिय शंकेखोर,

(हे नाव तुला कचेरीने ठेवलं; मी फक्त ते टिकवलं.) सप्रेम नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, आणि डॉक्टरांनी तसं सांगूनही तुला ते पटलं नसेल, असं धरून चालतो. वहिनींचे गुडघे कसे आहेत? त्यांना नमस्कार सांग. वाकून केलेला समजा म्हणावं, हल्ली मलाही वाकवत नाही.

इकडचं विचारशील तर थकलोय रे. तू निवृत्त झालास तेव्हा देशाचे आकडे काढणाऱ्या या कार्यालयाचा प्रमुख मीच होतो आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या मंडळाचा अध्यक्षही मीच. आता वरून ठराव आला, की चालवणारा वेगळा हवा आणि तपासणारा वेगळा. अगदी योग्य. फक्त नवा अध्यक्ष मिळेपर्यंत त्याचं काम तात्पुरतं माझ्याकडेच. माझ्या खोलीत मधोमध प्लायवुडची भिंत घातली. सकाळी अलीकडे बसून मी आकडे काढतो, दुपारी पलीकडे जाऊन स्वतःला जाब विचारतो. (चहा मात्र एकदाच मिळतो.) आपल्या शिपाईमामांनी ठराव फारच मनावर घेतलाय. परवा फाइल घेऊन पलीकडे निघालो, तर म्हणाले, “अध्यक्ष आले नाहीत अजून, साहेब. बाकावर बसा.” मी इतका दमलो होतो की बसलो. स्वतःची वाट बघत बराच वेळ बसलो, आणि खरं सांगू, कोणी येत नाही म्हणून रागही आला.

तर महागाईचा आकडा. सकाळी मी काढला, दुपारी मी विचारलं ‘सगळं ठीक?’, मीच लिहिलं ‘ठीक’, आणि मीच शेरा मारला ‘समाधानकारक’. आकडा छापून आला. बायकोने बाजाराची पिशवी ओट्यावर आपटली आणि विचारलं, हे भाव कुठल्या दुकानातले? बस्स, एवढंच. शोधलं तर आपल्या यादीतलं मोठं किराणा दुकान केव्हाच बंद पडलेलं, आणि आपण त्याचे शेवटचे भाव दर महिन्याला पुढे ढकलतोय! त्या आकड्यावर लोकांची पगारवाढ ठरते रे. आकडा मागे घेतला. लाज गेली ती गेलीच, पण लोक आता खऱ्या आकड्यालाही हसतात, त्याने झोप उडालीय.

बाकी क्षेम. वहिनींना जप.

तुझा,
अर्धा प्रमुख

ता. क. अध्यक्षपदासाठी तुझं नाव कोणीतरी सुचवलंय म्हणे. सरळ नाही म्हण. या वयात कशाला नसती उठाठेव?

ता. क. २. सुचवणारा मीच. हो म्हण. त्या खुर्चीत बसून मी स्वतःला एकही असा प्रश्न विचारला नाही ज्याचं उत्तर मला येत नव्हतं. तू असतास तर पहिलाच तसला विचारला असतास. मैत्रीची मात्र पंचाईत होणार. रोजचा फोन बंद, घरी जेवायला येणं बंद. तुझी मुदत संपेपर्यंत ती मैत्री वहिनींकडे ठेवायला दे, त्या काही हरवत नाहीत. मामांना सांगून ठेवलंय, तू आलास की मला बाहेर बसवायचं. बाक कडक आहे, पण यावेळी आत कोणीतरी असेल.