तुलनेसाठी बायको

१ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
काल डॉक्टरबाईंनी ब्लडप्रेशर मोजलं. वरचा आकडा १५२. लगेच म्हणाल्या, गोळी सुरू करू. मी म्हटलं, एका मापावरून? औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी, बावीस वर्षं मी हेच काम करतो. तीच माणसं, महिन्यामागून महिने घेतलेली त्यांची मापं, आणि त्यातून काढलेले निष्कर्ष. मला कुणी आकडे शिकवू नयेत. बाईंनी सहा आठवडे दिले. घरी रोज मोजा, १३५च्या खाली आणा, नाही तर जन्मभर गोळी. गोळी घेणार नाही म्हणजे नाही. वडिलांचं म्हातारपण गोळ्यांच्या डबीच्या सात कप्प्यांत गेलेलं पाहिलंय.
संकल्प: रोज पाच किलोमीटर चालणे. मीठ कमी. चिडणे बंद.

२ फेब्रुवारी
एकट्याच्या आकड्यांनी काय सिद्ध होणार? तुलनेला कुणीतरी हवं. तेच घर, तेच जेवण, फक्त संकल्प नाहीत. हिला विचारलं. ही म्हणाली, मला काय धाड भरलीये? पण हात पुढे केला. १२१. आदर्श! हिला ताकीद दिली, तू काहीही बदलायचं नाहीस, जशी आहेस तशीच राहा. ही म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकतेय हे.

६ फेब्रुवारी
चाललो. आठशे मीटर. बूट चावतो. नवे बूट येईपर्यंत चालणं तत्त्वतः सुरू आहे असं धरावं.
मी १५०. ही १२४.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं लागतं. ही पाच मिनिटंच माझ्या मुळावर आलीत. आज चार वेळा उठलो. नळ बघितला, खिडकी लावली, खिडकी उघडली, चौथ्यांदा का उठलो ते आठवत नाही. हिला मात्र नीट बसवलं. पाय जमिनीला टेकव, पाठ टेक, बोलू नकोस, भिंतीकडे बघ. तीनदा पुन्हा मोजलं, कारण ही मध्येच हसली. नंतर हसली नाही.
मी १५१. ही १२९.

११ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६
मापाची वेळ ठरलेली हवी. हिला उठवलं. म्हणाली, आज रविवार आहे हो. म्हटलं, शास्त्राला रविवार नसतो. हिने जे उत्तर दिलं ते नोंदीच्या कक्षेत बसत नाही.

१६ फेब्रुवारी
तीन दिवस स्वतःचं मोजलं नाही. साहेबांशी खटका उडाला होता, उगाच आकडा बिघडला असता. ऑफिसात यावरूनच मी लोकांना झापतो. तब्येत बिघडलेले पेशंट तपासणीला येत नाहीत, उरलेल्यांकडे बघून आपण म्हणतो, वा, सगळे सुधारले! पण माझी गोष्ट वेगळी. माझी मापं का राहिली ते मला माहीत आहे.
कॅन्टीनमध्ये चिप्स. मीठ घरातलं कमी करायचं ठरलंय.
हिचं एकही माप चुकवलेलं नाही. सकाळ, दुपारी फोन करून, संध्याकाळ. ही १३३.

२२ फेब्रुवारी
ऑफिसातल्या ज्युनिअरला आलेख दाखवला. पोरगी हुशार, पण आगाऊ. म्हणाली, सर, एका घरात राहणाऱ्या दोघांची मापं स्वतंत्र कशी धरता? एकाचं दुसऱ्याला लागत असणारच. मी म्हटलं, ब्लडप्रेशर काय सर्दी आहे लागायला? हो सर, म्हणाली. म्हणताना जरा जास्तच सहानुभूतीने बघत होती, माझ्याकडे नाही, आलेखातल्या हिच्या रेषेकडे.

२६ फेब्रुवारी
रीतसर मॉडेल लिहिलं. वरच्या ओळीत गृहीतक: पती आणि पत्नी, परस्परसंबंध शून्य. कागद जेवणाच्या टेबलावर राहिला. हिने वाचला. ताटं जरा जोरात ठेवली.
ही १४१. मी १४९.

५ मार्च
झोप नीट नाही, कशात लक्ष नाही, पण आज आनंदाचा दिवस! सुरुवातीला आम्हा दोघांत तीसच्या वर अंकांचं अंतर होतं. आज मी १४७, ही १४४. फरक फक्त तीन! म्हणजे मी जवळजवळ निरोगी माणसाला गाठलं. हिला ओरडून सांगितलं. ही म्हणाली, डोकं दुखतंय, दिवा बंद करा. आनंद वाटून घेणारं माणूस घरात नसलं की असं होतं.

१५ मार्च, दवाखान्यातून आल्यावर
बाईंनी आलेख पाहिला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मला वाटलं, शाबासकी येणार. त्यांनी हिला विचारलं, तुम्ही किती वाजता उठता? दिवसातून किती वेळा मोजता? कोण मोजतं? ही सांगत गेली. मी दोनदा दुरुस्ती करायला गेलो, बाईंनी हातानेच थांबवलं.
मला आजपासून गोळी. हिलाही द्यावी लागेल कदाचित, पण त्याआधी एक आठवडा दुसरीकडे राहून बघा म्हणाल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात मी हिचा दाखवला. ही बहिणीकडे गेली. बॅग दहा मिनिटांत भरली.

१७ मार्च
मेव्हणीचा फोन. हिचं १३६. हिला फोन दे म्हटलं. मेव्हणी म्हणाली, झोपलीये. सकाळी साडेनऊला!

१९ मार्च
१२९. घर खायला उठतं. पाच मिनिटं शांत बसलो, आपोआप. उठून बघायला काही नव्हतं. मला हिची आठवण येते. वाईट वाटतं. हिला इतका त्रास होत होता आणि मी खुशीत आलेख रंगवत होतो.
मी १५०.

२२ मार्च
१२०. सात दिवस, सात ठिपके, सरळ उतरती रेषा. बावीस वर्षांत कुठल्याही उपचाराचा इतका स्वच्छ परिणाम पाहिला नव्हता.
दवाखान्याचा आठवड्याचा फॉर्म भरून द्यायचा आहे. हिने फोनवर सगळं सांगितलं, शेवटचा रकाना तज्ज्ञ म्हणून माझ्यावर सोडला. ‘या आठवड्यात काय बदललं?’ मी लिहिलं, हवा. खोडलं. पाणी. खोडलं. मेव्हणीच्या घरची शांतता. तेही खोडलं. शेवटी लिहिलं, मी नव्हतो.
हिला वाचून दाखवलं. मी विचारलं, कधी येतेस? ही म्हणाली, छान भरलात, दवाखान्यातून असे अजून चार कोरे फॉर्म आणून पाठवा.