तीन खाती, एक लहर

चिंचवड,
ता. ९ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप रंगमामांना इंद्रायणीचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. मामींच्या गुडघ्याला उतार पडला का? खाडीवर वारा सुटला की तुमचा खोकला उठतो, तेव्हा कस्टम चौकीवर जाताना मफलर विसरू नका. इकडे सारे खुशाल. (सारे म्हणजे आई आणि बाबा. माझे खाली लिहिते.)

तुमच्या चौकीचा बिनतारी संच सप्टेंबरात आमच्या कारखान्यात दुरुस्तीला आला होता. त्याच आठवड्यात तुमच्याच खाडीवरच्या पोलीस लाँचचा आला आणि दीपगृहाचाही. प्रत्येक संचात बोटाच्या पेराएवढे एक क्रिस्टल असते, त्यावर संचाची लहर ठरते. तिघांच्या लहरी तीन, म्हणून कोणाचे कोणाला ऐकू जात नाही. (दीपगृहाला अनोळखी गलबत दिसले की ते वहीत लिहितात, नक्कल टपालाने पोलिसांना जाते, आणि तुम्हाला ती बातमी मासळीबाजारात कळते, असे तुम्हीच गणपतीत सांगितले होते.) तपासणीची आमची रीत अशी, की तिन्ही संचांत कारखान्याची एकसारखी क्रिस्टले बसवायची, आपापसांत बोलून पाहायचे, मग ज्याचे त्याला परत. भैरू फिटरने हे सारे चोख केले आणि सील लावले. पण बाबांनी मला घरी पाटीवर शिकवले तेव्हापासूनची माझी खोड, बेरीज वरून खाली केली की खालून वरही करायची. जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी भैरूला गळ घालून मी सील काढायला लावले आणि कारखान्याची क्रिस्टले पुन्हा बसवून घेतली. तो म्हणाला, "ताई, झालंय की समदं. आता देवाला बी तपासनार का?" तपासणी उत्तम झाली. त्या आनंदात पेट्या रवाना केल्या, आणि तुम्हा तिघांची क्रिस्टले माझ्या खणात कुंकवाच्या डबीत राहिली. तिन्ही संच एकाच लहरीवर गेले.

पुढचे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. मला ते नंतर कारखान्यात आलेल्या पत्रांवरून कळले. पहिल्याच दिवशी लाँचवरच्या हवालदारांनी ठाण्याला सांगतो आहोत असे समजून संचावर सांगितले की कस्टमचे साहेब दुपारी झोपतात, आणि साहेब नेमके जागे होते. दोन दिवस नुसते भांडण. तिसऱ्या दिवशी दीपगृहाचे सोपानराव संचावर सहज बोलले, की दक्षिणेकडून एक मचवा येतो आहे, पाण्यात फार खाली बसलेला, आणि त्यावर जाळे एकही नाही. इकडून लाँच निघाली, तिकडून तुमची होडी, आणि चोरट्या घड्याळांनी भरलेला मचवा दोघांच्या मध्ये सापडला.

मला वाटले, आता माझी चूक पोटात घालतील. पण पोलिसांनी लिहिले, आमचे बोलणे गुप्त असते, संच पूर्ववत करा. मात्र कस्टमचे ऐकू येते ते तसेच राहू द्या. कस्टमने नेमके उलट लिहिले. (दीपगृहाची मागणी एवढीच, की दोघांचेही ऐकू येत राहावे, आता त्याशिवाय करमत नाही.) आणि दोषी माणसाला काढून टाका, यावर मात्र पोलीस आणि कस्टम यांचे पहिल्यांदाच एकमत झाले.

मी डबी घेऊन फोरमन हिंदुरावांपुढे उभी राहिले आणि सगळे सांगितले. डिसेंबरात मला कायम करणार होते, आणि बाबांचे काम सुटल्यापासून घर माझ्याच पगारावर आहे, हे मात्र सांगितले नाही. ते गयावया केल्यासारखे दिसले असते. त्यांनी तिन्ही पत्रे वाचली, चष्मा काढून डोळे पुसले (हसून, असे भैरू म्हणतो) आणि मला मॅनेजरसाहेबांकडे नेले. साहेब म्हणाले, "तिन्ही खात्यांनी एकाच कागदावर, तिघांच्या सह्यांनिशी, काय हवं ते कळवावं. तोवर संचांना हात लावायचा नाही आणि या बाईंनाही नाही."

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तब्येतीला जपा.

तुमची भाची
इंद्रायणी

ता. क. कस्टमचे पत्र तुमच्या हातचे होते. "दोषी इसमास तत्काळ दूर करावे" यातला तुमचा वळणदार ळ मी लगेच ओळखला. तुमच्या साहेबांनी सांगितले ते तुम्ही लिहिलेत, माझा राग नाही.

आणखी एक. त्या एकत्र अर्जाचा मसुदाही तुमच्याकडेच येईल. माझ्यासाठी त्यात एक अक्षरही खोटे लिहू नका. फक्त लिहून झाल्यावर तिन्ही साहेबांना एकत्र बसवा आणि पहिली सही कोणाची, एवढेच विचारा.