धुळीवरचं पूट

१९ मार्च
घरी गेले होते, पुलगावजवळ. दादाला जाऊन सव्वा महिना. हरभऱ्याच्या गंजीवर ताडपत्री टाकायला धावला आणि गारांत सापडला. डोक्याला लागलं. दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. केवढी गार, ते वहिनी येणाऱ्या प्रत्येकाला मूठ वळून दाखवते.

आज टिनाच्या छपरावरची धूळ ब्रशने झाडून डबीत भरली. वहिनीने खाली शिडी धरली. "रंजू, या धुळीचं काय करतं तू?"

सांगितलं. ढगातलं पाणी शून्याखाली गेलं तरी आपोआप गोठत नाही, धरून गोठायला धुळीचा कण लागतो. त्या कणावर धुरातलं आम्ल बसलं तर काय होतं, तेच मी पीएच.डी.त बघते.

वहिनी गावालगतच्या वीटभट्टीच्या धुराड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ह्या धुरानंच पडल्या गारा." मी नाही म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं.

२४ मार्च
कॉलेज, वर्धा. एका बाजूला विहिरीच्या खोदकामातली स्वच्छ माती, दुसरीकडे छपरावरची धूळ. दोन्ही पाण्यात कालवून थंड पट्टीवर थेंब ठेवले. थेंब गोठला की पांढरा होतो, डोळ्यांनी दिसतं.

मातीचे थेंब पटापट पांढरे झाले. छपराच्या धुळीचे नाही. आणखी बरंच थंड केल्यावर झाले. तीनदा केलं, तेच.

म्हणजे धूर लागलेली धूळ बर्फ धरत नाही. निदान लवकर नाही.

वहिनी म्हणाली त्याच्या उलटच की काय?

२७ मार्च
छपराची धूळ धुऊन पुन्हा पाहिली. आम्लाचं पूट गेलं तरी कण पहिल्यासारखा वागत नाही. आम्लाने वरचा थर खाल्ला असावा. मग स्वच्छ मातीला स्वतःच आम्ल लावलं. तीही तशीच बिघडली. निकाल पक्का. नागपूरला सरांना, माझ्या गाईडना, फोन केला. सर खूश. "छान, लिहून काढा."

मी विचारलं, थेंब कमी गोठले तर जे गोठतात त्यांच्या वाट्याला जास्त पाणी येत असेल ना? गारा थोड्या, पण मोठ्या? सर म्हणाले, तुमच्या थेंबांवरून ते कळत नाही. खरंच आहे. पट्टीवरचा थेंब म्हणजे ढग नाही.

२ एप्रिल
वहिनीचा फोन. गावाने भट्टीविरुद्ध अर्ज दिलाय, सुनावणी आहे. "तू येजो. तू सांगशीन तर ऐकतीन."
"वहिनी, मला माहीत नाही."
"धूर लागते का नाई धुळीले?"
"लागतो."
"मंग?"
"मग बर्फ उशिरा धरतो. त्याने गारा वाढतात की कमी होतात, ते नाही कळत."
मग, "इतके वर्ष शिकून काय करून राह्यली वं तू?" फोन ठेवला.

५ एप्रिल
सरांनी कुठल्याशा व्याख्यानात माझा निकाल सांगितला. आज पेपरात. "धुरामुळे गारांना आळा." सर म्हणतात, असं मी म्हणालोच नव्हतो. म्हटलं, मग खुलासा पाठवा. "बघू."

दुपारी भट्टीचा माणूस कॉलेजात. अतिशय नम्र. मॅडम, पेपरात आलंय तेच तुमच्या सहीने द्या, चार ओळी. मी म्हटलं, माझा भाऊ गारांत गेलाय. त्याला माहीत होतं. "म्हणूनच तुमच्या शब्दाला वजन आहे मॅडम."

त्याला जा म्हटलं.

६ एप्रिल
वहिनी फोन घेत नाही. शेजारच्या काकूंना लावला. म्हणाल्या, पेपर वाचला तिनं. चुलीत घातला.

९ एप्रिल
सुनावणी. वहिनी गावच्या बायांत बसलेली, माझ्याकडे पाहिलं नाही. भट्टीच्या माणसाने पेपरचं कात्रण पुढे केलं. तहसीलदारसाहेबांनी मला उभं केलं. "धुराने गारा वाढतात? हो की नाही?"

म्हटलं, धुराने धूळ बदलते, हे मी पाहिलंय. गारांबद्दल सांगता येत नाही, वाढतात असंही नाही, थांबतात असंही नाही. कात्रणात लिहिलंय ते माझं म्हणणं नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, "भट्टीवाल्यांनी चूप केली हिले." भट्टीचा माणूसही नाराजीने मान हलवत होता. साहेबांनी लिहून घेतलं, ठोस निष्कर्ष नाही.

शेवटी वहिनीचा जबाब. टाइप केलेला कागद तिच्यासमोर ठेवला. तिने बोट ठेवून शब्द शब्द वाचला आणि एका ओळीवर थांबली. 'मृत्यू नैसर्गिक आपत्तीमुळे.'

पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "रंजू, हे खरं हाये का? करू का सही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तिने पेन उचललेलं. मी म्हटलं, "गारांनी गेला एवढंच खरं आहे वहिनी, 'नैसर्गिक' खोडायला लाव आणि मग कर सही."