आकडा रोज एकाने वाढतो

३ नोव्हेंबर २००८, सोमवार
चष्म्याच्या कामाने पिंपळवंडीहून आळेफाट्याला गेले. चष्मेवाला बंद. म्हणून जागृतीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जरा टेकले. पेंडीचे व्यापारी फतेचंद शेठ, त्यांची ही सून. तिने इंटरनेटवरचा ह्यांचा व्हिडिओ लावला. मी लाव म्हटलं नव्हतं. बेल्ह्याच्या बैलबाजारात गेल्या वर्षी पुण्याच्या कुणीतरी काढलेला. एक मिनिट चाळीस सेकंद. हे रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून बैलाचा भाव ठरवतायत. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, काय पावणं, चहा घ्यायचा का? त्यानंतर दीड महिन्यात हे गेले.
व्हिडिओखाली आकडा असतो, किती वेळा पाहिला त्याचा. ३१.
जागृतीने माझ्या मुलाला, अमृतलाही मेल केला. तिला विचारलं, पैसेवाली माणसं असलं बघत बसतात का गं? म्हणाली, सरूकाकू, त्यांना कुठला वेळ? हे रिकामटेकड्यांचं काम.
बरोबर आहे. अमृतची पुण्यात स्वतःची कंपनी. त्याने बघावं अशी माझी अपेक्षाही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज खरोखर चष्म्यासाठीच गेले. चष्मेवाल्याकडे गर्दी. एक माणूस होता.
क्लासमध्ये आकडा ३८. मधे दिवस सात. म्हणजे रोज एक.
मी काही म्हणत नाही.

१४ नोव्हेंबर
अमृतला फोन. मीटिंगमध्ये आहे आई, नंतर करतो, म्हणाला. आवाज जड वाटला. रोज वडिलांना बघणाऱ्याचा जड होणारच. विचारलं नाही. मला खोदून विचारायची सवय नाही.
नंतर फोन आला नाही. लाईनचं काही खरं नसतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
गेल्या सोमवारी मी बघितल्यावर ३९ झाले होते. आज ४६. पुन्हा सात!
पेपरात वाचलं होतं की मोठी माणसं पहाटे चारला उठतात, व्यायाम करतात, पुस्तकं वाचतात. व्हिडिओ बघतात असं कुठंही नव्हतं. पेपरवाल्यांना काय माहीत. पैसेवाले बघतात. सांगत नाहीत, एवढंच.
जागृती म्हणाली, काकू, कुणीपण असेल ना. कुणीपण कसं असेल? बैलांची हौस असलेला रोज वेगळा बैल बघेल.

२४ नोव्हेंबर
ठरवलं, वर्षश्राद्धापर्यंत तिकडं फिरकायचं नाही. म्हातारपणी शोभत नाही. गेले नाही. फोनवर विचारलं फक्त. ५४.

३ डिसेंबर
उद्या अमृत येतोय. थेट विचारायचं नाही, तो लाजेल. चहा देताना ह्यांचंच वाक्य म्हणायचं. ज्याने रोज ऐकलंय तो हसेलच. हसला की मी रडायचं नाही, एवढं सांभाळायचं.

४ डिसेंबर, गुरुवार
श्राद्ध झालं. अमृत सकाळी नऊला आला, गाडी लई मोठी. अंगणात तीन फोन घेतले. जेवणानंतर कप पुढं केला आणि म्हटलं, काय पावणं, चहा घ्यायचा का?
अमृतचा चेहरा पडला. म्हणाला, आई, आता मी पाहुणा झालो का? चार माणसांत टोमणे नको मारूस. येतोय ना मी.
शेजारच्या साळुबाई म्हणाल्या, आगं आल्या पोराला आसं बोलत्यात व्हय?
चहा तसाच राहिला. अडीचला गेला. जाताना पाकीट ठेवलं.
तेव्हापासून विचार करतेय. लोक होते, म्हणून ओळख दाखवली नसेल. लहानपणापासून तसाच आहे.

८ डिसेंबर, सोमवार
चष्म्याला गेले नाही. सरळ क्लासला गेले.
दारातच ह्यांचा आवाज आला. आत फतेचंद शेठ, स्क्रीनपासून वीतभर अंतरावर. जागृती म्हणाली, मामंजींचं रोज दुपारी जेवण झालं की घरी हेच. आज घरी लाईट नाही, इथं इन्व्हर्टर आहे, म्हणून आले. दुपारी मी क्लासला असते, मलापण आजच कळलं.
अर्धा आळेफाटा ज्यांचा, ते शेठ. दर सोमवारी बेल्ह्याहून परतताना हे त्यांच्या दुकानी थांबायचे. तीस वर्षं.
मला बघून शेठ दचकले, चोरी पकडल्यासारखे. मग हुबेहूब ह्यांच्या आवाजात म्हणाले, काय पावणं, चहा घ्यायचा का?
मी हसले. ठरवल्याप्रमाणे रडले नाही, असं लिहायचं होतं.
शेठ म्हणाले, वहिनी, दुकानात आता चहा गोड लागत नाही. बसा. मी बसले. दोघांनी मिळून पाहिला. आकडा एकानेच वाढला.
जागृतीला म्हटलं, अजून एकदा लाव. हा अमृतच्या नावचा.