वहीतला भोंगा

ता. ११, गुरुवार

ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. छकुलीला पापा. माझी तब्येत बरी आहे. खोली तीच, नोकरीही तीच. पायाला भिंगरी आहे म्हणायचीस ना? तीन वर्षं एका जागी टिकलो.

परवा दिवसभर कोर्टात होतो. घाबरू नकोस, नुसता बसायला गेलो होतो. आमच्या गोदामात माल उचलायची गाडी मागे घसरली. एका हमालाचा पाय चाकाखाली आला, गुडघ्याखाली काढावा लागला. गाडी मामा चालवत होते. आपले कोणी नातेवाईक नाहीत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. खटला त्यांच्यावर आहे. ब्रेक घसरतोय हे आपण आधीच सांगितलं होतं, असं ते म्हणतात. कोणाला सांगितलं असं कोर्टात विचारलं, तर म्हणाले, "आठवत नाही."

मालकांकडून एक तज्ज्ञ साहेब आले होते. टाय, चष्मा, तीन फायली. म्हणाले, ब्रेक रोज तपासला जात होता, म्हणजे चूक चालवणाऱ्याची. मला वाटलं, मामा गेले आत.

मग मामांची वकीलबाई उठली. बुटकीशी, आवाज मात्र खणखणीत.

"रोज तपासत होते हे कशावरून?"

"तपासणीच्या वहीवरून."

"वाचा की एक पान."

साहेबांनी वाचलं, "ब्रेक ठीक, साखळी ठीक, भोंगा ठीक."

बाईंनी मेकॅनिकची चिठ्ठी पुढे केली. अपघातानंतर गाडीला नवा भोंगा बसवला, जुना सात महिन्यांपूर्वीच जळालेला. "मग सात महिने ठीक कोण वाजवत होतं? तुम्ही गाडी तपासलीत की वही?"

"मी आलो तेव्हा गाडी दुरुस्त झाली होती. आधीचं मला वहीतूनच कळलं."

"वही कोणी लिहिली?"

"सही लागत नाही," साहेब म्हणाले. लोक हसले. मी हसलो नाही.

ताई, सातवीत दोनदा बसलेल्या माणसाचं अक्षर एवढा शिकलेला माणूस कोर्टात पुरावा म्हणून वाचत होता. होय, वही मी लिहायचो. सोमवारी चहा पिता पिता शनिवारपर्यंतचं सगळं ठीक करून टाकायचं. सुपरवायझरला खाडाखोड चालत नाही. तो कोर्टात माझ्या शेजारीच बसला होता. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून पुटपुटला, "हलू नकोस." मी हललो नाही.

बाहेर नळावर मामा भेटले. मी म्हटलं, "मामा, माझं नाव का नाही घेतलंत?"

"दोघं आत जाऊन काय पत्ते खेळायचे?" म्हणाले, आणि तोंड धुऊन गेले.

आता राहिलेलं लिहितो. कालपासून दोनदा कागद फाडला. अपघात शुक्रवारी झाला. बुधवारी मामांनी मला हाक मारून सांगितलं होतं, "ब्रेक घसरतोय रे, वहीत लिही, म्हणजे गाडी बंद ठेवतील." मी लिहितो म्हटलं. पण बुधवारच्या रकान्यात ठीक आधीच लिहिलेलं होतं. खोडलं असतं तर पान खराब झालं असतं. म्हणून राहू दिलं.

आज सकाळी वकीलबाईंकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्यावरही येईल." मी म्हटलं, येऊ दे. उद्या माझी साक्ष आहे. सुपरवायझरला कळलं, त्याने वह्यांच्या कपाटाची चावी माझ्याकडून काढून घेतली.

आईला तू सांग. पण मामांना वाचवायला गेला, एवढंच सांगून थांबू नकोस. बुधवारचंही सांग.

तुझा,
दोन दिवस हातात असून गप्प बसलेला,
धाकटा